ओव्हाळांचा राहिलेला खुलासा

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका टीव्ही कारखान्यात पिक्चर ट्यूबची लाइन २००८ च्या मार्चमध्ये, एका शनिवारी, पहिली पाळी सुटल्यावर बंद झाली. लाइनवर एकतीस माणसे होती. सपाट पडद्याच्या नव्या लाइनचे प्रशिक्षण घेण्यास तयार असल्याच्या कागदावर तिसांनी सह्या केल्या. एकतिसाव्या माणसाने कागद पूर्ण वाचला, सही न करता परत दिला आणि राजीनामा लिहिला. त्यांचे नाव जनार्दन ओव्हाळ, वय सेहेचाळीस, राहणार निमोणे, तालुका शिरूर.

ही बातमी मी दिली नाही. मी तेव्हा पुण्याच्या एका दैनिकाचा शिरूर तालुका प्रतिनिधी होतो. लाइन बंद झाली, कुणाला काढले नाही, एकाने स्वतःहून नोकरी सोडली, एवढ्यावर जिल्ह्याच्या पानात जागा मिळत नाही. राजीनाम्याचे कारण मात्र मला माहीत होते. ओव्हाळांनी काही लोकांना शब्द दिला होता. ते लोक त्यांनी कधी पाहिलेले नव्हते आणि त्या लोकांना निमोणे नकाशावर दाखवता आले नसते.

ओव्हाळ कन्व्हर्जन्सवर, म्हणजे रंग जुळवण्याच्या कामावर होते. रंगीत ट्यूबच्या मानेतून लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी तीन झोत निघतात. पडद्यावर ते तंतोतंत एका जागी पडले तर पांढरी रेघ दिसते, केसभर सरकले तर रेघेला रंगीत कडा फुटते. ट्यूबच्या मानेवरच्या चुंबकी चकत्या फिरवून आणि तांब्याच्या वेटोळ्याखाली रबराच्या पाचरी सारून हे झोत जुळवायचे असतात. हात सेटच्या मागे आणि चित्र पुढे, म्हणून समोर मोठा आरसा लावलेला असतो. अंधाऱ्या केबिनमध्ये आठ तास सेटच्या पाठीशी उभे राहून ओव्हाळ आरशात बघत. जुळले की चकत्यांवर पांढऱ्या लाखेचा एक ठिपका, म्हणजे त्या पुन्हा हलायच्या नाहीत. त्या लाखेचा डाग त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या नखावर कायम असे. बातम्यांच्या पडद्याखालून सरकणारी अक्षरपट्टी ते आरशात उलटी वाचू शकत. यात आपण काही विशेष करतो असे त्यांना वाटत नसे.

पृथ्वीच्या चुंबकत्वाने ट्यूबचे रंग थोडे सरकतात. म्हणून कारखान्यात सगळे सेट पूर्वेकडे तोंड करून जुळवत. ही सवय ओव्हाळ घरी घेऊन येत. निमोण्यात एका शेजाऱ्याच्या वास्तुशांतीला मी हजर होतो. नवा मोठा टीव्ही बैठकीत मांडला होता आणि पडद्याच्या कोपऱ्यात जांभळा डाग दिसत होता. ओव्हाळ चप्पल काढता काढता उंबऱ्यातच थांबले.

"टीव्हीचं तोंड कुठं हाय?"

"भिंतीकडं न्हाई, एवढं खरं," घरमालक म्हणाला.

"दक्षिणेला हाय. पूर्वेला करा. आन् तो स्पीकर उचला तिथनं, त्यात लोहचुंबक असतंय."

"आवं जनाभाऊ, देवबी पूर्वेला, टीव्हीबी पूर्वेला. मंग आमी बसायचं कुठं?"

होमाजवळ गुरुजी खोळंबले होते. ओव्हाळांनी दोघांना हाताशी घेऊन सेट फिरवला, बंद करून थोड्या वेळाने पुन्हा लावला. डाग गेला. मग ते जेवायला बसले. टीव्ही पुन्हा दक्षिणेला फिरवला जाणार हे त्यांनाही माहीत असावे. तो दुसऱ्या दिवशी फिरवला गेलाही.

माझी त्यांची ओळख २००३ साली झाली, शिरूरच्या एसटी स्टँडमागच्या सायबर कॅफेत. कॅफे अर्चनाताई चालवत. त्याआधी त्या जागेत त्यांचा शिवणक्लास होता. क्लास बंद झाल्यावर मशिनींची डोकी विकली, लोखंडी पाय राहिले. त्यावर फळ्या ठोकून त्यांनी संगणक मांडले. खालचे पायाने हलवायचे पायटे आणि चाके तशीच होती. मी रोज चारच्या सुमाराला बातम्या पाठवायला जाई. त्याच सुमाराला कंपनीची बस स्टँडवर पहिल्या पाळीची माणसे सोडत असे. निमोण्याची एसटी साडेपाचला होती. मधला वेळ ओव्हाळ कोपऱ्यातल्या संगणकावर काढत.

ते वाद घालायला येत. विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या बातम्या देणारे एक परदेशी संकेतस्थळ होते. प्रत्येक बातमीखाली वाचकांना लिहिता येई, आणि बातमीपेक्षा खालचा मजकूर लांब असे. ओव्हाळांचे शिक्षण आयटीआयचे. इंग्रजी ते कारखान्यातल्या मॅन्युअलवरून शिकलेले. त्यांची वाक्ये आखूड असत, पण चुका कमी. लिहिताना पाय खालच्या पायट्यावर हलत राही. वाद चढला की पायटा जोरात चाले आणि लोखंडी चाक किरकिरे. अर्चनाताई पाठमोऱ्या असल्या तरी ओळखत.

"जनाभाऊ, आज कुणाचा ब्लाउज शिवताय?"

"जर्मनीचा असावा. लई आखडू हाय."

लोडशेडिंगमुळे एकदा तासाभराचे लिखाण गेले. तेव्हापासून ते उत्तर आधी लाँगबुकात लिहीत, जेवणाच्या सुट्टीत, आणि कॅफेत येऊन फक्त उतरवत. प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला समोरच्याचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत मांडत. मग मुद्दे, एक, दोन, तीन. शेवटी सही. त्या संकेतस्थळावर सगळे टोपणनावाने लिहीत. ओव्हाळ लिहीत: जनार्दन ओव्हाळ, मुक्काम पोस्ट निमोणे, तालुका शिरूर, जिल्हा पुणे.

"टोपणनाव घ्या की एखादं," अर्चनाताई म्हणाल्या होत्या. "सगळेच घेतात."

"तोंड झाकून भांडायचं न्हाई. माझा बाप आंगठा उठवायचा, ताई. मला नाव लिहिता येतंय, तर लपवू व्हय?"

नाव आणि पत्ता वाचून एकाने विचारले होते, तुमच्या गावात वीज तरी आहे का? प्रश्न टिंगलीचा होता. ओव्हाळांनी तो प्रश्न म्हणूनच घेतला आणि निमोण्याचे भारनियमनाचे आठवड्याचे वेळापत्रक वार आणि तासांसह लिहून दिले. खाली सही. त्या माणसाने पुन्हा टिंगल केली नाही. त्याने माफीही मागितली नाही. ओव्हाळांना ती अपेक्षितही नव्हती. त्यांच्या मते विचारलेले सांगून झाले होते.

त्यांचा एक नियम मला विशेष लक्षात राहिला. प्लाझ्मा पडदा किती वीज खातो याबद्दल त्यांनी एकदा चुकीचा आकडा लिहिला. कुणाच्या लक्षात आले नव्हते. दुसऱ्या दिवशी बसमधून उतरून ते जवळपास पळत आले आणि त्याच बातमीखाली लिहिले की काल मी दिलेला आकडा चूक आहे, बरोबर आकडा असा आहे, ज्यांनी वाचला असेल त्यांनी दुरुस्त करून घ्यावे. मी म्हणालो, "कोण बघतंय?"

"म्या बघितलंय ना," ते म्हणाले.

हा टोला मला होता. काही महिन्यांपूर्वी 'मंगळ चंद्राएवढा दिसणार' ही ईमेलवरून फिरणारी अफवा आमच्या दैनिकाने चौकटीत छापली होती आणि शिरूरहून ती मीच पाठवली होती. ओव्हाळ कात्रण घेऊन आले होते. "पत्रकार, मंगळ दिसला का? आमच्या गावात म्हातारीकोतारी गच्चीवर बसली तुमच्यापायी." खुलासा छापा, असे त्यांचे म्हणणे होते. मी कार्यालयाला कळवले. खुलासा छापून आला नाही. ओव्हाळ तीन आठवडे रोज जिल्ह्याचे पान तपासत होते. चौथ्या आठवड्यापासून त्यांनी विचारणे सोडले आणि मला 'पत्रकार' म्हणताना त्यांच्या आवाजात थोडा फरक पडला, तो राहिलाच.

त्यांचा मुख्य वाद एकच होता. सपाट पडद्याचे टीव्ही येणार, ट्यूब जाणार, असे सगळे लिहीत. ओव्हाळांचे म्हणणे होते की ट्यूबचे चित्र चांगले आहे, चांगली वस्तू लोक टाकत नाहीत. पहिल्या अर्ध्या भागात ते बरोबर होते. तेव्हाच्या सपाट पडद्यावर काळा रंग राखाडी दिसे, बाजूने बघितले तर रंग उडत, आणि वेगाने जाणाऱ्या वस्तूमागे पुसटसा माग राही. पुण्यात एका शोरूममध्ये क्रिकेटचा सामना लावलेला असताना ते दोन तास उभे राहिले आणि येऊन लिहिले की चेंडूला शेपूट फुटते, मी स्वतः बघितले, ट्यूबवर फुटत नाही. हा मुद्दा कुणाला खोडता आला नाही. दुसऱ्या भागाविषयी, म्हणजे लोक काय टाकतील याविषयी, त्यांच्याजवळ पुरावा नव्हता. तो मुद्दा आहे हेच त्यांच्या लक्षात येत नसे.

२००५ पासून त्यांना एक तुल्यबळ माणूस भेटला. त्याचे टोपणनाव नॉर्थविंड. देश कधी कळला नाही. तो काचेबद्दल बोले. ट्यूबची काच किती जाड, तिच्यात शिसे किती, ती गार करायला किती वेळ द्यावा लागतो हे त्याला ठाऊक होते. त्याने ओव्हाळांची एक चूक दाखवली आणि ओव्हाळांनी ती त्याच दिवशी मान्य केली. "शिकलेला हाय," ते मला म्हणाले. "ह्याच्याशी भांडायला बरं वाटतंय." दीड वर्ष त्यांचे चालले. बाकीचे कंटाळून निघून गेले तरी हे दोघे जुन्या बातमीच्या तळाशी लिहीत राहत.

२००६ च्या दिवाळीनंतर नॉर्थविंडने विचारले, तुमची लाइन बंद झाली तर तुम्ही काय कराल? दुसरे काम आत्ताच शिकून घ्या.

ओव्हाळांना हा प्रश्न पळवाट वाटला. चेंडूच्या शेपटीला उत्तर नाही म्हणून हा घरात शिरला, असे ते म्हणाले. त्यांनी लिहिले ते मी वाचले आहे. मूळ इंग्रजीचा मराठीत अर्थ असा: माझी लाइन बंद होणार नाही. झालीच तर मी तिच्याबरोबर बाहेर पडेन. सपाट पडद्याला हात लावणार नाही. हे मी नाव आणि गाव घालून लिहून देतो.

दोन दिवसांनी नॉर्थविंडचे उत्तर आले. ओव्हाळ ते वाचत असताना मी शेजारच्या संगणकावर होतो. त्याने लिहिले होते की मी आता वाद घालत नाही. आमचा ट्यूबच्या काचेचा कारखाना होता. मी भट्टीवर बावीस वर्षे होतो. एका शुक्रवारी भट्टी गार होऊ दिली. आत काच गोठली की ती भट्टी पुन्हा पेटवता येत नाही, हातोड्यांनी फोडावी लागते. ती आम्हालाच फोडायला लावली. तुम्ही चांगले कारागीर दिसता. कृपा करून दुसरे काम शिका.

ओव्हाळांचा पाय पायट्यावर थांबला होता. काउंटरवरून अर्चनाताईंनी वर बघितले. मग पायटा पुन्हा चालू झाला, आधी सावकाश, मग जोरात. त्या दिवशी त्यांनी लाँगबुक उघडले नाही. थेट पडद्यावर लिहिले आणि पाठवून दिले. चार मुद्दे होते. भट्टी बंद होण्याचा आणि चित्राच्या दर्जाचा संबंध नाही, हा पहिला. शेवटी त्यांनी त्या कारखान्याचे नाव, गाव, तारीख आणि पुरावा मागितला होता. पुरावा ते सगळ्यांकडेच मागत.

नॉर्थविंडने पुन्हा लिहिले नाही.

आठ दिवस ओव्हाळांनी वाट पाहिली. नवव्या दिवशी त्यांनी अर्चनाताईंना आणि मला चहा सांगितला. "गप बसला. पुरावा न्हवता." ते खुशीत होते. आम्ही चहा घेतला.

पुढचे वर्ष-सव्वा वर्ष कारखान्यात बदल होत गेले. ट्यूबच्या तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, मग एक. नवी इमारत उभी राहिली आणि तिच्यातली माणसे टोपी आणि कापडी बूट घालून आत जाऊ लागली. ट्यूबच्या लाइनवरचे सहकारी ओव्हाळांची थट्टा करत, "जनाभाऊ, तुमच्या अमेरिकेवाल्यांना सांगा की, लाइन चालू ठेवायला." ते हसत. २००८ च्या फेब्रुवारीत प्रशिक्षणाचा कागद फिरला.

त्यांची पत्नी सुमनबाई निमोण्यात अंगणवाडी चालवत. मुलगी दौंडला मावशीकडे राहून कॉलेज करत होती. सुमनबाई एका दुपारी शिरूरला माझ्या खोलीवर आल्या. त्याआधी आम्ही फारसे बोललेलो नव्हतो.

"दादा, तुमी पन त्या काँप्युटरवर लिवता ना?"

"हो, वहिनी."

"मंग एक चिठ्ठी लिवा त्या लोकांना. म्हनावं, ह्यांना शब्दातनं सोडा. घरात पोरगी शिकतीय. तेवढं त्यांचं पत्र आलं तर हे सही करतील, असं मला वाटतंय."

"वहिनी, त्यांनी ह्यांना धरलेलंच नाही."

"मंग शब्द कुनाला दिलाय?"

"तिथं जो वाचेल त्याला."

"कोन वाचतंय?"

"एक माणूस होता. सव्वा वर्ष झालं, तो लिहीत नाही."

सुमनबाई उठल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी तिथं कुनीच न्हाई."

"नाही."

"मंग अडवलंय कुनी?"

मी चहा विचारला, त्या नको म्हणाल्या आणि निमोण्याच्या एसटीला गेल्या. मी चिठ्ठी लिहिली नाही. त्या येऊन गेल्याचे दुसऱ्या दिवशी ओव्हाळांना सांगितले. ते रागावले नाहीत.

"तिचं बरोबर हाय," ते म्हणाले. "पर माझ्या नावाखाली लिवलंय ते. पत्त्यासकट."

"आकडा चुकला तेव्हा दुरुस्त केला होता की तुम्ही."

"त्यो आकडा व्हता, पत्रकार. आकडा चुकतो. ह्यो मी हाय."

मी आणखी काही म्हणायला हवे होते की नाही, ते आज सांगता येत नाही. तेव्हा म्हणालो नाही एवढे खरे. शेवटच्या शनिवारी पाळी सुटल्यावर केबिनमधला आरसा उतरवण्याचे काम ओव्हाळांनाच सांगितले गेले. तो चौघांनी मिळून उतरवला. ही हकीकत मला त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी वेगवेगळी सांगितली. दोघांनीही हे सांगितले की त्यानंतर ओव्हाळ त्या केबिनमध्ये दिवा लावून थोडा वेळ उभे होते. तिथे एरवी दिवा लावत नसत.

एप्रिलमध्ये ते दौंडला गेले. स्टेशनच्या बाजूला करीमभाईंचे टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते. नव्वदच्या दशकात, कारखान्यात लागण्याआधी, ओव्हाळ सात वर्षे तिथेच काम करत होते. रेल्वे क्वार्टर्समधले सेट सायकलच्या कॅरिअरवर बांधून आणत. करीमभाईंनी त्यांना जुनी जागा दिली. सुमनबाई अंगणवाडीमुळे निमोण्यातच राहिल्या. ओव्हाळ रविवारी घरी येत.

जुलैमध्ये एका दुपारी ते शिरूरच्या कॅफेत आले. बगलेत लाँगबुक होते. त्यांनी कोपऱ्यातला संगणक घेतला आणि नॉर्थविंडशी जिथे बोलणे झाले होते ते जुने पान उघडले. मग अर्चनाताईंना हाक मारली.

"ताई, लिवायची चौकट दिसंना."

अर्चनाताईंनी बघितले. पानाच्या वर एक ओळ आली होती. हा विभाग बंद करण्यात आला आहे, जुना मजकूर वाचता येईल, नवे उत्तर देता येणार नाही. नॉर्थविंडच्या नावावर टिचकी मारली तर असा सदस्य आता नाही, असे येत होते.

"दुसऱ्या पानावर लिहा की, जनाभाऊ. नव्या बातमीखाली."

"त्यो हितंच येईल, ताई. ह्याच बातमीखाली. आला तर. तिकडं कसा बघंल?"

अर्चनाताई सांगतात की ते साडेपाचपर्यंत त्या पानासमोर बसून होते. पायटा हलला नाही. मी त्या दिवशी न्हावऱ्याला एका सभेला होतो. शिरूरच्या कॅफेत ओव्हाळ पुन्हा आल्याची नोंद कुणाकडे नाही.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते २००९ च्या नोव्हेंबरमध्ये, दौंडला. रेल्वेच्या एका बातमीसाठी गेलो होतो. दुकान अरुंद होते, एका बाजूला उघडे सेट एकावर एक. ओव्हाळ एका सेटच्या पाठीशी, दाराकडे पाठ करून उभे होते. समोर भिंतीला न्हाव्याच्या दुकानात असतो तसला आरसा टेकवला होता. सेटचे तोंड पूर्वेला होते. त्यांनी मला आरशात पाहिले आणि मागे न वळता म्हणाले, "या, पत्रकार."

मी स्टुलावर बसलो. लोक अजून ट्यूबचे सेट आणतात, त्यांनी सांगितले, पण दुरुस्त झालेले न्यायला उशिरा येतात. काही येतच नाहीत. सुट्या भागांना आता मोडीतले सेट फोडावे लागतात. मग थोडा वेळ ते चकत्या फिरवत राहिले. पडद्यावर आडव्या-उभ्या रेघांची जाळी होती. आरशात मला लाल कडा दिसत होती. ती हळूहळू आत सरकत होती.

"त्या भट्टीवाल्याचं आठवतंय का?" त्यांनी विचारले.

"नॉर्थविंड."

"तवा मला वाटलं, त्यो मुद्दा मांडतोय." चकत्या थांबल्या. "मुद्दा न्हवता तो. त्यो सांगत व्हता, पत्रकार. बावीस वर्षं भट्टीवर व्हता आन् त्यालाच फोडायला लावली. आन् म्या त्याला पुरावा मागितला."

"तुम्हाला तेव्हा कसं कळणार?"

"वाचलं व्हतं की. शिकलो व्हतो वाचायला." पुन्हा चकत्या फिरल्या. "लाइन गेली, त्याचं काय न्हाई. ट्यूब चांगलीच हाय, कुनीबी बघावं. पर ते तेवढं राहिलं."

कडा रेघेत मिसळली. रेघ पांढरी झाली. त्यांनी लाखेच्या बाटलीत काडी बुडवली, चकत्यांवर ठिपका दिला, अंगठा पँटला पुसला आणि सेटचे मागचे झाकण हातात घेतले. माझी पुण्याची गाडी होती. मी निघालो. रस्त्यावरून वळून बघितले तेव्हा ते झाकणाचे स्क्रू आवळत होते आणि आरशात जाळीचे चित्र तसेच उभे होते.

जनार्दन ओव्हाळ २०१० च्या जानेवारीत दौंडला, दुकानातच, हृदयविकाराने वारले. करीमभाई त्यांना रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेले, त्याआधीच सगळे संपले होते. निमोण्याला शोकसभेत गावातल्या तिघांनी ते टीव्ही चांगले दुरुस्त करत असे सांगितले. नंतर सुमनबाईंनी लाँगबुक माझ्याकडे दिले. "इंग्रजीत हाय. मला कळत न्हाई. त्यात त्या लोकांचं काय असंल तर त्यांना कळवा," त्या म्हणाल्या.

लाँगबुकात शेवटची नोंद दोन पानांची आहे. चार वेळा लिहून तीन वेळा खोडलेली. मुद्द्यांना क्रमांक नाहीत. न खोडलेला मजकूर मराठीत असा होतो: नॉर्थविंड यांस. तुमचा कारखाना बंद झाला हे तुम्ही लिहिले तेव्हा वाईट वाटले असे मी लिहायला हवे होते. मी पुरावा मागितला. माझी ती चूक झाली. तुम्ही मला समजावत होता, ते मी वाद समजलो. आमची लाइनही मार्चमध्ये बंद झाली. आरसा आम्हालाच उतरवायला लावला. तुमच्या भट्टीची गोष्ट मला आता कळते. पुरावा नको. खाली नाव, गाव, तालुका, जिल्हा. तारीख जुलैची, कॅफेत आले त्या दिवशीची.

मी त्या संकेतस्थळाच्या संपादकांना दोनदा ईमेल केला. विभाग पुन्हा उघडता येणार नाही, असे एकदा उत्तर आले. नॉर्थविंड कोण, हे त्यांनाही सांगता आले नाही.

हे लिहिण्यापूर्वी मी ते पान उघडून पाहिले. बातमी आहे, खालचा सगळा मजकूर आहे. भट्टीबद्दलचा मजकूर शेवटून दुसरा आहे. शेवटचा मजकूर ओव्हाळांचा आहे आणि त्यातली शेवटची ओळ अशी आहे: कारखान्याचे नाव, गाव आणि बंद झाल्याची तारीख कळवावी, पुरावा जोडावा. जनार्दन ओव्हाळ, मुक्काम पोस्ट निमोणे, तालुका शिरूर, जिल्हा पुणे.